कंठातला बुद्ध

भट्टीचं पोलादी दार आवाज न करता लागलं. पांढरे हातमोजे घातलेला कर्मचारी कमरेतून वाकला आणि म्हणाला, "दीड तास लागेल." ज्या माणसाला जगायला एक्क्याण्णव वर्षं लागली, त्याचं दीड तासात आटोपणार होतं. त्याच्या मुलीने, सानाएने, घड्याळात पाहिलं, आणि पाहिलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली.

थांबण्याच्या खोलीत चटयांवर सहा बुटकी टेबलं मांडलेली होती. त्यातलं एकच भरलं. खिडकीबाहेर देवदारांवर बर्फ साठून फांद्या वाकल्या होत्या. उत्तर जपानातल्या या अकितात मार्च उजाडला तरी हिवाळ्याला परतीची वाट सापडत नाही.

"बस गं आता. तू उभी राहिलीस म्हणून तो लवकर होणार नाहीये," फुमी आत्या म्हणाली आणि पिशवीतून डबा काढला. धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं. भाऊ गेला त्या रात्रीसुद्धा तिने ते चिरलं असणार. चिरल्याशिवाय तिला रडता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"किती जण आहोत आपण?" नोबुहिरोने विचारलं. तो तेत्सुरो काकांचा मुलगा, पहाटेच्या गाडीने तोक्योहून आलेला. काळा टाय अजून सैलच होता.

"मोज की. तुझे बाबा, मी, सानाए, तू. चार."

"म्हणजे दोन जोड्या."

"दोन जोड्या," आत्या म्हणाली. "तुझ्या आजीच्या वेळी एकतीस माणसं होती या खोलीत. हाडं उचलायला रांग लागली होती, रांग! मला कसंबसं करंगळीचं एक पेर मिळालं. आज दोन-दोन फेऱ्या मारल्या तरी हाडं उरतील."

कुणी हसलं नाही, पण नोबुहिरोचे ओठ हलले. काका भिंतीला टेकून ताठ बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, चोवीस वर्षं नगरपरिषदेत काढलेले. उजवा हात त्यांनी कोटाच्या आत घातला होता. समोरचा चहा निवून त्यावर साय धरल्यासारखा थर आला होता. ते दाराकडे बघत होते.

दाराशी, जिथे बूट काढून ठेवतात तिथे, निंग्सिह उभी होती. काळा रुमाल केस झाकून हनुवटीखाली नीट बांधलेला. तिने आधी सगळ्यांचे बूट बाहेरच्या बाजूला तोंड करून लावले होते, काकांचे सर्वांत पुढे, शेजारी शिंगाचा बूटचमचा. बाबा राहायचे त्या मात्सुकाझे वृद्धाश्रमात ती काम करायची आणि तिथे रोज हेच करायची. आज तिची सुट्टी होती.

"निन-सान, आत ये ना," सानाए म्हणाली.

"इथे बरं आहे मला, ताई."

"तिला बरं आहे म्हणते, तर राहू दे," काका म्हणाले.

सानाए बसली. गेले तीन दिवस ती एक वाक्य मनात घोळवत होती. तिचं काम दुसऱ्यांची वाक्यं तपासण्याचं, सेंदाईतल्या एका प्रकाशनात. त्यातला फाजील शब्द कसा काढायचा हे तिला चांगलं कळत होतं. हे वाक्य तिने छाटून छाटून अगदी छोटं केलं होतं.

"शेवटचं हाड मी आणि निन-सान उचलणार आहोत."

डब्यावरचा आत्याचा हात थांबला.

"कंठातलं?" काकांनी विचारलं. ते हाड सर्वांत जवळच्या माणसांनीच उचलायचं असतं.

"हो. बाबांनी सांगितलं होतं."

"कधी? मासळीच्या दिवशी? ती थट्टा होती, सानाए."

तो दिवस तिथल्या प्रत्येकाला आठवत होता. चार वर्षांपूर्वीचं शरदातलं पितरांचं जेवण, आश्रमाच्या भोजनघरात. निंग्सिहला जावाहून येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. बाबांनी भाजलेल्या मासळीचा एक तुकडा जेवायच्या काड्यांनी उचलून तिच्यापुढे धरला, आणि तिने आनंदाने आपल्या काड्या पुढे करून तो झेलला. काड्यांवरून काड्यांवर! आत्या किंचाळली. काका ताट लोटून उठले. कारण तसा घास या देशात कुणी कुणाला देत नाही. दोघांच्या काड्या एका वस्तूला लागतात त्या एकदाच, भट्टीतून आलेलं हाड सावडताना. ती पोरगी पांढरीफटक पडली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि बाबा हसत सुटले, खोकला लागेपर्यंत हसले. "झालं! माझी हाडं आता हीच उचलणार. सराव तर झाला!"

"थट्टा नव्हती, काका. मी त्यांना खोलीत सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, 'मी हसण्यावारी नेलं, कारण ती रडायला आली होती. पण शेवटचं हाड तू आणि ती. लक्षात ठेव.'"

"आणि तू चार वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही हेच म्हणाला असतात म्हणून."

"मग हेच म्हणतो. सख्खा भाऊ जिवंत असताना परकं माणूस कंठाला हात लावणार नाही. चांगली आहे ती, मी नाही म्हणत नाही. पण पगार घेते. पगारी माणूस कितीही चांगलं असलं तरी घरचं होत नाही."

"तेत्सु, हळू बोल. ऐकतेय ती," आत्या म्हणाली.

"ऐकू दे. पाच वर्षांपूर्वी परिषदेत बोललो ते उघड बोललो. बाहेरची माणसं आणून म्हातारी सांभाळायची, तर गाव आपलं राहायचं कसं?"

"आणि दादा काय म्हणाला होता तुला? भरल्या सभेत?" आत्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "म्हणाला, 'तेत्सु, माझ्या वहीत नावंच यायची थांबली, मी काय करू? बाजारातून आणू?'"

नोबुहिरो मोठ्याने हसला आणि लगेच गप्प झाला.

बाबांची वही. एक्केचाळीस वर्षं ते नगर कार्यालयात जन्माच्या नोंदींच्या खिडकीवर बसले. पहिल्या वर्षी चारशे बारा बाळं लिहिली, निवृत्तीच्या वर्षी एकसष्ट. गेल्या वर्षी अख्ख्या गावात पाच जन्मली. त्यातलं एक लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या व्हिएतनामी जोडप्याचं. बाबांना आश्रमात ते कळलं तेव्हा त्यांनी कागद मागवला आणि ते नाव लिहून पाहिलं. लिहून झाल्यावर नेहमीसारखं हलक्या आवाजात एकदा वाचलं. ही त्यांची सवय. लहानपणी सानाए खिडकीखाली बसून ऐकायची: टाकाची कुरकुर, मग क्षणभर शांतता, मग एका नव्या माणसाचं नाव. तिला वाटायचं, बाबांनी वाचल्यावरच ते बाळ श्वास घेतं.

"ताई, मला एक सांग," नोबुहिरो तिच्याकडे वळला. "शेवटी माझ्या बाबांचा हक्क आहे ना? त्यांचा एकच भाऊ होता."

"तू कुणाच्या बाजूने आहेस रे?" आत्याने विचारलं.

"मी कुणाच्याच नाही. मी फक्त भरणाऱ्यांच्या बाजूने. तीस वर्षं पगारातून पेन्शनचा हप्ता जातोय माझ्या. तो तुम्हा तिघांच्या पोटात गेला. माझ्या वेळी भरायला कोण असणार आहे?"

"एखादं पोर काढायचं होतंस."

"आणि त्याला शिकवायचं कशातून, आत्या? तुमचा हप्ता थांबवून?"

"घ्या! बापाच्या मरणात पेन्शन काढली. तीही दुसऱ्याच्या बापाच्या."

"माझ्याही पगारातून जातो," दाराकडून आवाज आला.

सगळे वळले. निंग्सिह एवढ्या वेळात पहिल्यांदा आपणहून बोलली होती. तिने लगेच मान खाली घातली, पण वाक्य अर्धं सोडलं नाही.

"पहिल्या पगाराचा कागद मला कळला नाही. ही कपात कशाची, म्हणून मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, हे माझं पेन्शन. म्हणजे तू मला दोनदा भरवतेस, निन-चान. एकदा या कागदातून आणि एकदा चमच्याने." ती थांबली. "मी म्हटलं, मग दुसऱ्यांदा नीट खा. त्या दिवशी सगळी पेज संपवली त्यांनी."

नोबुहिरो टेबलाकडे बघत राहिला. तो आणि ही मुलगी एकाच रांजणात पाणी ओतत होते, आणि त्याला आजवर वाटलं होतं आपण एकटेच ओततो आहोत. आत्याने मुळ्याच्या चार चकत्या बशीत काढल्या, गुडघ्यांवर हात टेकून उठली, दारापर्यंत गेली आणि बशी निंग्सिहच्या हातात दिली.

"उचल, हाताने खा. काड्या नकोत उगाच."

निंग्सिह हसली. आत्याही. काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"फुमी, तूसुद्धा?"

"मी काय? मी लोणचं दिलं."

निंग्सिहने नजरेने खुणावलं तशी सानाए तिच्यामागे पडवीत आली. तिथे थंडी होती. काचेपलीकडे छपरावरचं बर्फ थेंब थेंब गळत होतं.

"ताई, तुम्ही आत माझ्यासाठी भांडलात. पण मला नाही जमणार."

सानाएला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आमच्याकडे माणूस मातीत जातो. जाळत नाहीत. ते हसत होते म्हणून तेव्हा मीही हो म्हटलं. मला वाटलं थट्टा आहे. काल आईला फोन केला. ती म्हणाली, त्याच्यासाठी प्रार्थना कर, बाकीचं तुझं तू ठरव. रात्रभर ठरवलं." तिने बशी दोन्ही हातांनी धरली होती. "मला त्यांना तसं बघायचं नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि 'अजून थोडं गरम' म्हणायचे, ते तसेच राहू देत माझ्याकडे."

सानाएला आधी राग आला. शुद्ध, लहान मुलासारखा राग. चार वर्षं जपलेलं बाबांचं शेवटचं मागणं, आत्ताच काकांच्या तोंडावर टाकलेलं, आणि ही नाही म्हणते! महिन्यातून दोनदा सेंदाईहून यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं, एवढंच सानाएने केलं होतं. निदान हे एक तरी पुरं करायचं होतं. मग तिने त्या मुलीच्या हातांकडे पाहिलं. साबणाच्या पाण्याने बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. या हातांकडे अजून काही मागायचं राहिलं होतं का?

"माफ करा," निंग्सिह म्हणाली.

"नाही, नाही. विचारायचं मीच विसरले. बाबांनी मागितलं, मी कबूल केलं, आणि उचलायचं तुला." ती काचेकडे वळली. "काकांबरोबरच उचलते मग. होऊ दे त्यांच्या मनासारखं."

"काकांचा हात बघितलात का?"

"का?"

"सकाळपासून त्यांनी पेला उचललेला नाही. सही करायची होती तेव्हा मुलाला करायला लावली. उजवा हात आतच आहे." निंग्सिहचा आवाज बदलला होता. आता ती कामावरची निंग्सिह होती. "घट्ट धरलं की जास्त थरथरतो. खालून आधार मिळाला की थांबतो. पण ते घेणार नाहीत कुणाचा."

सानाए तीन दिवस काकांसोबत एका छपराखाली होती. तिला हे दिसलं नव्हतं.

तेवढ्यात हातमोजेवाला पडवीच्या टोकाला येऊन वाकला. वेळ झाली होती.

खोली लहान, स्वच्छ, दगडी. मधोमध बाहेर ओढलेला लांब तवा. त्याची धग अजून गालांना लागत होती. सानाएची समजूत होती की राख असेल. राख नव्हतीच. बाबा होते. पायांपासून डोक्यापर्यंत, ज्या क्रमाने आयुष्यभर होते त्याच क्रमाने आडवे, फक्त बाकीचं सगळं काढून घेतलेले. आणि पांढरे. बाहेरच्या बर्फाला दिवसाचा उजेड लागत होता, याला नव्हता. तो पांढरा रंग आतूनच येत होता. खुब्यात बसवलेले दोन खिळे काळे पडून बाजूला पडले होते, भाड्याने आणलेली वस्तू परत ठेवावी तसे.

एवढंच असतं? आणि लगेच तिच्या मनात आलं, एवढं असतं!

निंग्सिह उंबऱ्याशी पाठमोरी थांबली, प्रार्थनेसाठी ओंजळ उघडून.

कर्मचाऱ्याने प्रत्येकाला काड्या दिल्या, एक बांबूची, एक लाकडाची. बेजोड, कारण हे काम रोजचं नव्हे. "पायांपासून सुरुवात करू, म्हणजे कलशात ते उभे राहतील."

आत्या आणि नोबुहिरोने पहिलं हाड उचललं. चार काड्या, एक टाचेचा तुकडा. मातीच्या कलशाच्या तळाला तो लागला तेव्हा बारीक, कोरडा, जवळजवळ गोड आवाज झाला. मग सानाए आणि आत्या. मग नोबुहिरो आणि सानाए. काका बाजूला उभे होते. "मी शेवटी," एवढंच म्हणाले. एकतीस माणसांचं काम तिघांत चाललं होतं, आणि आत्या म्हणाली होती तसं, हाडं संपत नव्हती. मग बोटांची पेरं आली. आठ हजारांवर माणसं या पेरांनी लिहिली होती. त्यातली निम्मी आता कुठल्या कुठल्या शहरांत असतील, बरीच मातीत. सगळ्यांच्या नावाला एकदा हा उजवा हात लागला होता. तिने ती पेरं एकेक करून उचलली. कुणी घाई केली नाही.

शेवटी कर्मचाऱ्याने एक छोटं हाड वेगळं केलं, काळ्या तबकात ठेवलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"मानेचा दुसरा मणका. फार नीट राहिलाय. असा क्वचित राहतो."

मांडी घालून बसलेला, हात जोडलेला, मान किंचित झुकवलेला. बोटाच्या टोकाएवढा बुद्ध. आत्याने "अगं बाई" म्हटलं आणि तोंडावर हात घेतला. नोबुहिरोने आपोआप टाय नीट केला. सानाए बघत राहिली. एक्क्याण्णव वर्षं हा इथे असा बसलेला होता. बाबा गिळताना, हसताना, कार्यालयाच्या खिडकीत एकेक नवं नाव हलक्या आवाजात वाचताना. घरात कुणालाही न सांगता, पाठ न टेकता.

"काका," ती म्हणाली. "या."

तेत्सुरो काकांनी कोटातून हात काढला. काड्या घेतल्या. सानाएने आपल्या काड्या हाडाच्या डाव्या बाजूला टेकवल्या आणि वाट पाहिली. काकांच्या काड्या तबकापर्यंत आल्या आणि एकमेकींवर आपटायला लागल्या. टक टक टक. त्यांनी मूठ आवळली. आवाज वाढला. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा आणला. पुन्हा तेच. कर्मचारी जमिनीकडे बघत होता. नोबुहिरो पुढे झाला तशी काकांनी मानेनेच त्याला थोपवलं. सबंध आयुष्य सभेत ज्यांचा आवाज कधी कापला नव्हता, त्यांच्या डोळ्यांत सानाएला भीती दिसली. ते हाड मोडेल याची. भावाचा बुद्ध आपल्या हातून मोडेल याची.

दगडी फरशीवर मोज्यांचा आवाज झाला नाही. निंग्सिह आली ती काकांच्या उजव्या बाजूला. तबकाकडे तिने पाहिलं नाही. काकांच्या मनगटाकडे पाहिलं, आणि खालून दोन बोटं टेकवली, फक्त दोन.

"काका, हात सैल सोडा. धरू नका. मी आहे."

हेच शब्द. रोज तिन्ही जेवणांना, चार वर्षं. *आजोबा, हात सैल सोडा. मी आहे.* सानाएने ते किती वेळा ऐकले होते!

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पण त्यांचा खांदा खाली आला, मग कोपर, मग त्या जड म्हाताऱ्या हाताचा सगळा भार त्या दोन बोटांवर आला. काड्या थांबल्या.

हाड उचललं गेलं. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि खाली, हाडाला स्पर्शही न करता, सहा हजार किलोमीटरांवरून आलेली दोन बोटं. तबकापासून कलशापर्यंत वीतभर अंतर होतं. सानाएला ते फार लांब वाटलं आणि तिला ते संपायला नको होतं. *शेवटचं हाड तू आणि ती.* बाबा, हे असं चालेल ना?

बुद्ध कलशात बसला. आवाज झाला नाही.

कर्मचाऱ्याने झाकण लावलं, पांढऱ्या कापडाची गाठ मारली, वाकला. काकांचा हात अजून तिथेच होता. त्यांनी तो काढून घेतला नाही. ते कलशाकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "कुदो इवाओ." भावाचं नाव, नोंद वाचावी तसं, एकदाच.

सानाएने चमकून पाहिलं. त्या खिडकीखाली आपण एकटीच बसायचो, असं तिला आजवर वाटत होतं.

"दादाचा डबा घेऊन जायचो मी," काका कुणाकडे न बघता म्हणाले. "लिहिलं की वाचायचा. वाचल्याशिवाय डबा उघडायचा नाही."

मग ते वळले. पहिल्यांदाच त्यांनी त्या मुलीकडे सरळ पाहिलं.

"निन-सान म्हणतात तुला. पूर्ण नाव काय?"

"निंग्सिह राहायू."

म्हाताऱ्या ओठांनी ते जुळवून पाहिलं. पहिल्यांदा मध्येच तुटलं. काका थांबले, घसा साफ केला, आणि भावाच्याच सुरात, हलक्या आवाजात, ते पुन्हा म्हणाले. या वेळी नीट आलं.